हरणीच्या विहिरीवरचा हिवाळा

लग्नाच्या वर्षीच दिवाळीनंतर यांची नेमणूक बडोद्याबाहेर हरणीच्या पलीकडे सरकारी रोपवाटिकेवर झाली, आणि आम्ही दोघं बैलगाडीत संसार घालून निघालो. माझं माहेर पाणीगेटातलं. महाराजांनी आजव्याच्या तलावाचं पाणी बडोद्यात आणलं तेव्हा आमच्या बोळात नळ आला, आणि मी त्या नळाच्या धारेखालीच वाढले म्हणा ना. विहीर मला ठाऊक होती ती लग्नाकार्यातल्या पूजेपुरती. पोहरा कधी हातात धरला नव्हता.

गाडीतून उतरून मी घर पाहिलं. दोन खोल्या, वर कौलं, पुढे कलमांच्या कुंड्या, आणि नजर जाईल तिथवर तुरीची शेतं.

"अहो, नळ कुठे आहे?" मी विचारलं.

"नळ नाही," हे म्हणाले. "विहीर आहे. पटेलांच्या शेतात. तशी जवळच आहे."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"होतं. पण सांगितलं असतं तर तू आली असतीस का?"

रागवायला हवं होतं, पण मला हसूच फुटलं. हेही हसले आणि सुटल्यासारखे ट्रंका उतरवू लागले.

हसू चार दिवस टिकलं. हे सकाळी धुक्यातच रोपांकडे जात ते दिवेलागणीला परतत. पाणीगेटात भिंतीला भिंत लागून घरं. शेजारच्या काकूंनी मोहरी फोडणीला टाकली तरी आम्हाला ऐकू यायची. इथे दुपारभर पारव्यांशिवाय आवाज नाही. मी तवा घासताना तव्याशी बोलू लागले. वर थंडी अशी की ओल्या लुगड्यानं भांडी घासताना दात वाजायचे. हे पहाटे दोन हंडे भरून ठेवत, पण स्वयंपाक, भांडी, धुणं म्हटल्यावर ते कुठवर पुरणार?

एक दिवस तेही संपलं म्हणून मीच विहिरीवर गेले. पोहरा खाली सोडला, भरला, अर्ध्यावर ओढला, आणि दोराची गाठ सुटली. खालून धपकन आवाज आला. पोहरा आमचा एकुलता एक. मी कठड्याला टेकून चक्क रडायला लागले. पोहऱ्यासाठी नाही हो. इतक्या दिवसांत यांच्याशिवाय कोणी माझ्याशी एक शब्द बोललं नव्हतं, त्यासाठी.

"शुं थयुं, बेन?"

मागे पटेलांची सून उभी होती. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, डोक्यावर चाऱ्याचा भारा. मी बोटानं विहीर दाखवली.

"एटलामां रडे छे? मारे घेर बिलाडी छे. हमणां लावुं." भारा टाकून ती घरी बिलाडी आणायला पळालीसुद्धा.

बिलाडी म्हणजे मांजर, एवढं गुजराती मला येत होतं. मी डोळे पुसत विचार करत बसले, की मांजर विहिरीत सोडून ही बाई पोहरा कसा काढणार? आणि बिचारं मांजर वर कसं येणार? ती परत आली तेव्हा तिच्या हातात लोखंडी आकड्यांचा झुबका होता. आमच्याकडे ज्याला गळ म्हणतात तो! मी माझी समजूत तिला सांगितली, तशी ती पोट धरून खालीच बसली. "म्याऊ!" असं विहिरीत ओरडून तिनं गळ सोडला. मग मीही ओरडले. कितीतरी दिवसांनी माझा आवाज इतका मोठा निघाला होता.

पहिल्या खेपेला चिखल आला. दुसऱ्या खेपेला पोहरा. पण तिला आता खेळ सुचला होता, म्हणून तिनं गळ पुन्हा टाकला, आणि काहीतरी जड लागलं. वर आला तो हिरवा पडलेला पितळी तांब्या. तिनं पदरानं त्याचा गळा घासला. कोरलेली अक्षरं दिसू लागली आणि तिचं हसू थांबलं.

"हा बांचा," ती म्हणाली. बा म्हणजे तिची सासू. तांब्या सासूच्या माहेरचा, अक्षरं तिच्या वडिलांच्या नावाची. ही नवी नवरी असताना तो हरवला, आणि सुनेनं गुपचूप आपल्या माहेरी पाठवला असं सासूनं मनात धरलं. तेव्हापासून दर सणाला पाटावर बसलं की तांब्याचा विषय निघे.

"चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "मला साक्षीदार हवा."

दोर ओढताना ओल्याचिंब झालेल्या आम्ही दोघी तशाच तिच्या अंगणात शिरलो. म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत होती. सुनेनं तांब्या तिच्यापुढे ठेवला. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं, तांब्या उलटा करून पाहिला.

"कुठे मिळाला?"

"विहिरीत, बा."

म्हातारीनं शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाली, "त्या वर्षी तुळशीच्या लग्नाआधी मी तो विहिरीवर घासायला नेला होता. मीच." चुलीवर बाजरीची राब, म्हणजे गूळ घातलेली पातळ पेज, उकळत होती. तिनं उठून तांब्या चिंच लावून लख्ख घासला, त्यात गरम राब ओतली आणि सुनेपुढे धरला. "वहु, पहेलां तुं पी."

सून प्याली. तिचे डोळे भरून आले होते, पण ओठांवर राबेची मिशी उमटली होती, ती पाहून आम्ही तिघी हसलो. नंतर गावभर म्हातारी सांगत सुटली की तांब्या तिच्या नवसामुळे सापडला. सुनेनं तेवढं सोडून दिलं.

त्या दिवसापासून मी एकटी उरले नाही. सकाळी पटेल मोट हाकून बैल सोडत आणि न्याहारीला जात. मग मोटेचं पाणी जिथे पडतं ते थारोळं आम्हा बायकांचं. खोल विहिरीचं पाणी इतकं कोमट की धुक्यात त्यातून वाफा निघत. माहेरच्या नळाचं पाणी असल्या दिवसांत सुयांसारखं टोचायचं! आम्ही लुगड्यानिशी गळ्यापर्यंत बसायचो आणि उन्हं वर येईपर्यंत उठायचो नाही. मी पटेलांच्या सुनेला पुरणपोळी शिकवली, तिनं मला तीन हंडे एकावर एक घेऊन चालायला शिकवलं. पहिल्या दिवशी मी तिन्ही पाडले. हे संध्याकाळी घरी आले की पुष्कळदा मला शोधत पटेलांच्या शेकोटीवर येत आणि तिथेच पोंक, म्हणजे आपला हुरडा, खात बसत.

संक्रांतीला आई आली, ती मला घेऊन जायलाच. "उन्हाळ्यापर्यंत माहेरी राहा. इथे पाणी नाही, माणूस नाही."

मी तिला थारोळ्यावर नेलं.

"उघड्यावर? मी?" आई म्हणाली. बराच वेळ ती काठावर पाय सोडून बसली. मग इकडेतिकडे पाहिलं, नाकातली नथ काढून माझ्या हातात दिली, आणि पाण्यात बसली.

आई आठ दिवस राहिली. वडिलांचे दोन निरोप येऊन गेले. शेवटी ते स्वतःच सरकारी पागेतल्या घोड्यावरून, फेटा बांधून आले. पटेलांच्या अंगणात आई आणि म्हातारी उन्हाला पाठ देऊन गप्पा मारत होत्या, एक मराठीत, एक गुजरातीत.

"चला, निघायचं," वडील म्हणाले.

"भाज्यांचं ऊंधियुं अजून मडक्यात शिजतंय, आणि मडकं मातीत पुरलंय," आई जागची हलली नाही. "ते झाल्याशिवाय मी येत नाही."

वडिलांनी मडक्यावरच्या निखाऱ्यांकडे पाहिलं, वास घेतला, आणि कोट काढून खुंटीला अडकवला.