मावशीची कमेंटची वही

कुसुममावशी गेल्याचं मी फेसबुकवर चार ओळींत कळवलं, त्याला पाच मिनिटंही झाली नसतील. खाली पहिली कमेंट आली : ‘खूप छान. असेच लिहीत राहा. माझ्याही ब्लॉगला भेट द्या.’ त्या गृहस्थाला मी ओळखतो. त्याच्या प्रत्येक लेखाखाली मावशीनं दहा-दहा ओळी लिहिल्या होत्या. त्यानं ती गेल्याची बातमीसुद्धा वाचायचे कष्ट घेतले नाहीत... त्यानंतर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि मी फोन उशीखाली कोंबला. सव्वा महिना झाला, तरी तो संताप गेलेला नाही.

मावशी मंद्रूपची, माझ्या आईची धाकटी बहीण. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाली आणि सोलापुरात लेकीकडं, माधवीकडं राहायला आली. माधवीनं जुना टॅब दिला, तर या बाईनं त्यावर लोकांचे ब्लॉग वाचायला घेतले. जेवणं उरकली की कूलरसमोर बसायची. लेख दोनदा वाचायची, मग दोनशे पानी वहीत पेनानं कमेंट लिहायची आणि ती एक रात्र तशीच ठेवायची. दुसऱ्या दिवशी बोचरे शब्द खोडून एका बोटानं टाइप करायची. कमेंट लेखाखाली दिसली की वहीत तांबड्या शाईनं ‘लागली’ असं लिहायची. शाळा सुटली तरी तांबडी शाई काही सुटली नव्हती. कशाला एवढा खटाटोप, नुसतं ‘छान’ लिही की, असं मी एकदा म्हणालो. ती म्हणाली, “वाचलं न्हाई आन् छान म्हणायचं, म्हंजे न जेवता ढेकर द्यायचा की रे.”

आणि लोकांनी तिला काय दिलं? एका खाद्यलेखकानं शेंगाचटणी मिक्सरमधून काढायला सांगितली होती. मिक्सरनं कूट होतं. तेल सुटायला शेंगदाणा उखळातच कुटावा लागतो, हे मावशीनं त्याला नीट समजावून लिहिलं. त्यानं गुपचूप लेख दुरुस्त केला, मावशीचं वाक्य जसंच्या तसं आपल्या नावावर घातलं आणि तिची कमेंट पुसून टाकली. मी तणतणत गेलो, तर ती शांतपणे शेंगा सोलत होती. “चटणी तर नीट झाली की आता,” एवढंच म्हणाली. तिचा हा मोठेपणा मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. चोराला चोर म्हणायला हवं होतं.

एकीनं मात्र जाण ठेवली. नातेपुत्याच्या एका तरुण शिक्षिकेनं वर्गात गप्प बसणाऱ्या मुलीवर लिहिलं होतं. मावशीनं खाली विचारलं होतं, ती मुलगी नेमकी कुठं बसते? ती बाई परवा माधवीकडं येऊन रडली. त्या प्रश्नानंतर तिनं मुलीला दाराजवळून उठवून फळ्यासमोर बसवलं, तेव्हा कळलं, पोरीला ऐकूच कमी येत होतं.

आता माझंही सांगतो. मीही ब्लॉग लिहितो आणि गेली तीन वर्षं माझा मावशीवर राग होता. जगाच्या लेखाखाली दहा ओळी लिहिणारी ही बाई भाच्याच्या लेखाखाली एक ओळ लिहीत नाही? तोंडानं मात्र मी कधी विचारलं नाही. माझं कुणी वाचत नाही, एवढं तिच्यापुढं कुरकुरायचो. ती म्हणायची, “वाचतंय की. लिही तू.” तेव्हा तिची नजर जरा वेळ माझ्यावर थांबायची... मला वाटायचं, मोठी माणसं समजूत घालतात, तसंच हे.

मागच्या रविवारी माधवीनं वही माझ्या हातात दिली. त्यात माझ्या लेखांवरच्या अकरा कमेंट होत्या. एकीखालीही तांबडी शाई नव्हती. शेवटच्या पानाच्या कडेला लिहिलं होतं : ‘विनूला आवडत नसावं. आपण बोचरं लिहितो का? त्याला विचारून अवघडवू नये.’

तिथंच बसून मी ब्लॉग उघडला. जाहिरातींचा कचरा यायला लागला म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच कमेंट अडवून ठेवायची सोय केली होती. मी मान्य केल्याशिवाय एकही दिसणार नव्हती. ते करून मी विसरून गेलो होतो. त्या कचऱ्याच्या ढिगात मावशीच्या अकराच्या अकरा कमेंट माझ्या परवानगीची वाट बघत पडल्या होत्या. त्या चटणीवाल्यानं निदान तिची कमेंट वाचली तरी होती. मी कुणाला नावं ठेवत होतो इतके दिवस?

पहिली कमेंट माझ्या आईवरच्या लेखाला होती. आई जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. मावशीनं लिहिलं होतं : ‘दुसऱ्या परिच्छेदात, लग्नाच्या फोटोत ताई एकटीच हसते आहे असं तू लिहिलंस. का हसली ते लिहिलं नाहीस. तुला ते माहीत नसणार. फोटो काढताना मी तिच्या शेजारी होते, मला माहीत आहे. विचार की.’

मी ती कमेंट मान्य केली. वहीत तिच्याखाली मावशीच्याच तांबड्या पेनानं ‘लागली’ असं लिहिलं. वही आता माझ्या टेबलावर असते आणि समोर भिंतीवर तो फोटो. आई हसते आहे, शेजारी मावशी उभी आहे, आणि का ते सांगायला आता कुणी नाही.