लिहून देणार अंकुश, लिहून घेणार अंकुश

गेवराईच्या बसस्थानकावर त्या सकाळी पुण्याची गाडी लागली, तेव्हा अंकुशच्या पत्नीने, रुक्मिणवहिनींनी, भाकऱ्यांचे गाठोडे त्याच्या हाती न देता माझ्या हाती दिले. अंकुश माझा तलवाड्याचा मित्र. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून पुन्हा भरून देण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या दहा गावांत नव्हता. मी तहसील कचेरीच्या आवारात पत्र्याखाली बसून लोकांचे अर्ज आणि दस्त लिहिणारा, म्हणून सगळ्यांचा मुन्शी. वहिनी एवढेच म्हणाल्या, "मुन्शीभाऊ, तुमच्या भरवशावर धाडते. तुमीच माघारी आणा." मी मान हलवली. या गोष्टीस बावीस वर्षे झाली. मागे राहिलेल्यांनी आणि आमच्यासारखे निघून आलेल्यांनी हे निवेदन वाचावे, आणि माझी बाजू घेण्याची घाई करू नये.

आम्ही निघालो ते एका पुस्तकामुळे. श्रीमंत कसे व्हावे हे सांगणारे, परदेशातले, जुने, मराठीत आणलेले पुस्तक. त्याची ओढ आज नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. तोवर माझी उमर 'अर्जदार अत्यंत गरीब असून' या शब्दांनी सुरू होणारे कागद लिहिण्यात गेली होती. सरकारी कागद माणसाला बापाचे नाव विचारतो, जात विचारतो, गट नंबर विचारतो. तुला काय हवे आहे, हे विचारणारे पहिले पान मला त्या पुस्तकात भेटले. हवे ते लिहा, कधीपर्यंत हवे ती तारीख घाला, सही करा आणि रोज मोठ्याने वाचा, असे त्यात होते.

अंकुशला ते वाचून दाखवले, तर तो म्हणाला, "साध्या कागदावर कावून बे? साध्या कागदाला कोन विचारतं? बाँडवर लिव्ह."

आमच्याकडे मुद्रांकाच्या कागदावर नसलेली गोष्ट घडली असे कोणी मानत नाही. मी लिहिले. राजीखुशीने, अक्कलहुशारीने व नशापाणी न करता, पाचव्या दिवाळीपर्यंत स्वतःचा कारखाना. लिहून देणार अंकुश, लिहून घेणार अंकुश. चहावाल्याची आणि झेरॉक्सवाल्याची साक्ष. त्याच पत्र्याखाली माझ्याआधी बसणारे माझे अब्बा मला सांगत, "कलम उचलण्याआधी बघ, देणारा कोण आहे आणि त्याच्या हातात काय आहे." त्या दिवशी मी बघितले नाही. माझ्यासाठीही तसाच एक दस्त केला.

पुस्तक म्हणते, भोवतालची माणसे बदला. अंकुशने बदलली. तलवाड्यात त्याचे नाव विचारत माणसे बैलगाडीत मोटार घालून येत. इथे पुण्यात एका सोसायटीच्या फाटकावर त्याला 'सिक्युरिटी' एवढेच नाव आहे. मी एका वकिलाच्या कार्यालयात टंकलेखक झालो. तिसऱ्या वर्षी मी माझा दस्त फाडला, आणि ही गोष्ट अंकुशपासून लपवली.

त्या पुस्तकावर मी खटला चालवला आहे, निदान टपालाने. त्यात यशस्वी माणसांच्या जबान्यांमागून जबान्या आहेत. फसलेल्या एकाचीही साक्ष नोंदवलेली नाही. यश आले तर श्रेय पुस्तकाचे, आणि न आले तर तुमची इच्छा अपुरी होती. ज्या करारात एका पक्षाकडून भंग होणेच शक्य नाही, तो करार कोणते न्यायालय मान्य करील? ही विचारणा मी प्रकाशकाला अकरा वेळा रजिस्टर्ड टपालाने केली. एकदाच उत्तर आले. नव्या आवृत्तीवर मला सवलत देऊ केली होती. आता तेच पुस्तक फूटपाथवरही मिळते आणि मोबाइलवर कोणीतरी वाचूनही दाखवते. आमच्या लिफ्टमध्ये ते कानात घालून उतरणारी माणसे मी रोज पाहतो, आणि त्यांना थांबवण्याचा कोणताही अधिकार मला नाही.

मागच्या महिन्यात वहिनींचा फोन आला. "पोरगी सासरी गेली. घरात बोलायला कोन न्हाई. कारखाना न्हाई तर न्हाई. त्यो कागद तुमीच लिवलाय ना? मंग तुमीच खोडा."

मी रीतसर रद्दपत्र तयार केले आणि रविवारी दुपारी अंकुशच्या फाटकावर गेलो.

"काय मुन्शी, वाट चुकलास? बस. हितं एसी न्हाई, पंखा बी न्हाई."

त्याने आपला दस्त प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवला. पाचवी दिवाळी खोडून त्याने पुढची घातली होती, तीही खोडून त्यापुढची. प्रत्येक खाडाखोडीपुढे त्याची छोटी सही होती. ती रीत मीच त्याला शिकवली होती. मी रद्दपत्र वाचले. त्याने ते हाताची घडी घालून शेवटपर्यंत ऐकले.

"सही कर म्हन्तोस?"

"कर. वहिनी एकट्या आहेत."

"करतो. पन मंग बावीस वर्सं मी हितं कावून होतो, त्ये बी लिव्ह यात. त्ये कलम घाल, लगीच सही करतो."

चाळीस वर्षे लोकांच्या वतीने लिहिणाऱ्या माझ्या हाताला ते कलम सुचले नाही. अखेर मी माझा दस्त फाडल्याचे त्याला सांगितले. तो रागावेल अशी मला आशा होती. त्याने माझ्याकडे दयेने पाहिले.

"म्हनूनच तुजं काई झालं न्हाई, मुन्शी."

गाडी आली. तो उठला, फाटकाची दांडी वर केली, आणि काचेआडच्या माणसाला सलाम केला.

या शहरात माझा चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे, खाली फलकावर नाव आहे, आणि एका माणसाचे घर मी कसे मोडले, हे इथे मला कोणीही विचारलेले नाही. जिथे मला जाब विचारण्याचा हक्क असलेले माणूस आहे, ते एकच दार मला माहीत आहे, आणि ते तलवाड्यात आहे. माझ्या घराचा पत्ता आता तोच.

वहिनी, गुरुवारी मी येतो आहे. एकटाच. मला आत घेऊ नका, ओट्यावर बसवा, चार माणसे बोलवा आणि त्यांच्यासमोर विचारा. माझ्यापाशी उत्तर नाही, हे आधीच लेखी देतो.