बूस्टरताईंची हाक

व्हॉलीबॉलमध्ये सगळ्यात वाईट चेंडू म्हणजे दोघींच्या मधोमध येणारा. हिला वाटतं ती घेईल, तिला वाटतं ही घेईल, आणि दोघींच्या डोळ्यांदेखत तो जमिनीवर आपटतो. म्हणून जी घेणार तिनं आधी ओरडायचं, "माझा!" बूस्टरताई हे ओरडायला शाळेत शिकल्या, आणि मग थांबायला काही शिकल्या नाहीत.

शाळेच्या संघात त्यांची भरती झाली ती बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायला. उंच मुली नेटपाशी आणि ही बुटकी कुंपणाबाहेर. एकदा तिनं चेंडू फेकण्याऐवजी दहा बोटांवर झेलून वर उडवला, आणि तो थेट नेटवर, सगळ्यात उंच मुलीच्या तळहाताखाली जाऊन उभा राहिला.

"ए बुटके, पुन्हा एकदा तसंच कर बघू," सर म्हणाले.

तिनं पुन्हा केलं. त्या दिवसापासून चेंडू उचलून देणारी बूस्टर ती, आणि मारणारी ती उंच मुलगी, जिला सगळे उंटीण म्हणत. पुढे दोघी टेलिफोन खात्याच्या संघात लागल्या. सकाळी ऑफिसचं टेबल, दुपारनंतर मैदान. पेपरात फोटो यायचा उंटिणीचा, हवेत झेपावलेला. खाली कोपऱ्यात कोपरापासून कापलेले दोन हात दिसायचे. ताईंना बघायला पाहुणे आले तेव्हा आईनं पेपरातलं ते कात्रण कौतुकानं पुढे केलं, "हे हात आमच्या मुलीचे."

"आणि बाकीची मुलगी?" होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं. नवरामुलगा खो खो हसला. ताईंनी तिथंच मनातल्या मनात होकार देऊन टाकला.

सासरी दारावरची बेल वाजली की ताई आतून ओरडायच्या, "माझा!" दूध वर आलं, "माझा!" सासूबाई आधी दचकल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं की सून ओरडली की आपल्याला उठावं लागत नाही. नवऱ्याच्या ध्यानात यायलाही फार वेळ लागला नाही. मुलगा तर ते ऐकतच मोठा झाला. बाळंतपणानंतर ताई पुन्हा मैदानावर उतरल्या, चार मोसम खेळल्या, आणि एका सामन्यात उजव्या गुडघ्यातून काटकी मोडल्यासारखा आवाज आला. त्यांनी आधी चेंडू उचलून दिला, मग खाली बसल्या. उंटिणीनं तो गुण घेतला. त्यानंतर ताईंच्या वाट्याला टेबल तेवढं राहिलं, थेट निवृत्तीपर्यंत.

निवृत्तीच्याच आठवड्यात, रविवारी सगळे घरात असताना उंटीण आली, सवयीनं दारातून वाकून.

"मैदानावर पोरींना शिकवतेय मी. सगळ्यांना मेलींना मारायचंच असतं. उचलून द्यायला एक तयार नाही, आणि मला ते शिकवता येत नाही. तू ये बाई. रोज पाच ते सात."

ताईंची बोटं मांडीवर हलली. कितीतरी वर्षांत कोणी त्यांना त्या बोटांसाठी बोलावलं नव्हतं.

"पण आई," सून चहाचे कप घेऊन आली होती ती तशीच उभी राहिली, "पाळणाघरवाल्या बाईंना मी कळवून टाकलंय. पुढच्या महिन्यापासून पिल्लू पाचला घरी येणार. आम्ही दोघं सातच्या आत पोचत नाही. मला वाटलं, तुम्ही आहातच."

तिची काही चूक नव्हती. या घरात सगळ्यांना तसंच वाटायचं.

"मग पाच ते सात पिल्लूला कोण बघणार?" मुलानं विचारलं आणि आईकडे पाहिलं. सुनेनं पाहिलं. पेपरामागून नवऱ्यानंही पाहिलं. ताईंच्या घशाशी ती हाक आली. जीभ टाळूला लावून त्यांनी ती तिथंच अडवली आणि सुनेच्या हातातल्या कपांकडे बघत बसल्या. उंटिणीनं ओळखलं. आयुष्यात पहिल्यांदाच बूस्टर जागची हलत नव्हती.



"अहो बाबा," शेवटी सून म्हणाली, "तुम्ही दुपारभर काय करता?"

"मी? मी पेपर वाचतो."

"सकाळचा?"

त्यांनी पेपराची घडी घातली. बायकोकडे पाहिलं, मग तिच्या त्या बोटांकडे. घसा खाकरून, वर्गात पहिल्यांदा हात वर करणाऱ्या मुलासारखे म्हणाले, "माझा."

"जरा मोठ्यानं," उंटीण म्हणाली. "मैदानावर ऐकू येत नाही."

"माझा म्हटलं ना!"

पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवशी ताई बुटांच्या नाड्या बांधून निघाल्या. गुडघ्यामुळे जिना तिरकं होऊनच उतरावा लागायचा. खाली उंटिणीची स्कूटर हॉर्न देत होती. अर्ध्या जिन्यात वरून पिल्लूचा भोंगा ऐकू आला, पाठोपाठ भांडं पडल्याचा आवाज आणि आजोबांचं "अरे अरे अरे!"

ताईंचा हात कठड्यावर घट्ट झाला. तोंड उघडलंच होतं. वर बघत त्या क्षणभर थांबल्या, मग "तुमचा हो, तुमचा!" असं वर ओरडून, एकेक पायरी, खाली उतरू लागल्या.