रविवारचा दुसरा फोन

मंदामावशी गेल्या. ज्यांना ही बातमी सगळ्यात आधी कळायला हवी होती, त्या बायकांना ती सगळ्यात शेवटी कळली.

म्हणून मी इतके दिवस इथे काही लिहिलं नाही. आज लिहितेय.

पाथर्डीच्या बाजूला आमची एक छोटी संस्था आहे. आईबाप ऊसतोडीला गेले की त्यांची मुलं हंगामभर आमच्या वसतिगृहात राहतात. शाळा बुडत नाही. मी ऑफिसमध्ये कॉम्प्युटरवर बसते. मावशी ऑफिस असिस्टंट, म्हणजे कुलूप उघडण्यापासून झाडलोट, चहा, झेरॉक्स, सगळं.

आणि फोन.

बाकीचा स्टाफ फील्डवर. दिवसभर ऑफिसात आम्ही दोघीच.

मी केडगावहून इथे आले तेव्हा आई नुकतीच गेली होती. जेवणाच्या सुट्टीतही मी स्क्रीनकडेच बघत बसायचे. एक दिवस मावशींनी माझा डबा उचलला आणि नेऊन स्वतःच्या डब्याशेजारी ठेवला.

"त्या कॉम्प्युटरला जेवाय लागत न्हाई, म्याडम. तुमाला लागतंय."

त्यानंतर दुपारी मी कधी एकटी जेवले नाही. गेल्या मंगळवारपर्यंत.

रविवारी संध्याकाळी ऑफिसच्या मोबाईलवर मुलांच्या आयांचे फोन यायचे. कुणी कोपरगावकडच्या कारखान्यावर, कुणी आणखी कुठे. दिवसभर ऊस तोडून आलेल्या, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत बसून फोन लावणाऱ्या. मावशी मोबाईल लगेच पोराच्या हातात द्यायच्या नाहीत. आधी आईला दम.

"रडायचं न्हाई. हसून बोल. न्हाईतर ठिवते फोन."

आणि त्या बायका खरंच हसून बोलायच्या. पोरं आपली कुणी कुणाला मारलं, भाजीत काय होतं, ते सांगून पळून जायची.

मग थोड्या वेळाने मावशी स्वतः त्या आईला परत फोन लावायच्या.

"पोरगं गेलं खेळाय. आता रड."

पलीकडची बाई रडायची. मावशी खिडकीपाशी उभ्या राहून ऐकायच्या. समजूत घालायच्या नाहीत, उपदेश नाही. नुसतं "हं". मध्येच एखादं "हं गं, माझे बाय."

मी सुरुवातीला विचारलं होतं, हे दोन दोन फोन कशाला? त्यांचं म्हणणं असं, की आई पोरासमोर रडली तर पोर चार दिवस धड जेवत नाही. आणि आई रडलीच नाही, तर दुसऱ्या दिवशी एसटीत बसून पोराला न्यायला येते.

एकदा मी चेष्टेत म्हटलं, "मावशी, तुम्ही कुणाला लावता हा दुसरा फोन?"

"माझा रिचार्ज संपलाय," त्या म्हणाल्या. "लई वर्सं झाली संपून."

आणि चहा टाकायला उठल्या.

त्यांना मूलबाळ नव्हतं. नवरा कधीचाच गेलेला. बाजारामागच्या एका खोलीत राहायच्या.

या हंगामात एका आईचा दुसरा फोन सगळ्यात लांब चालायचा. संगीताचा. तिची पायल आमच्याकडे चौथीत आहे. संगीताबरोबर तळावर तान्हं बाळ. ती फडात ऊस तोडायला गेली की त्याला बघायला कोणी नाही, म्हणून पायलला घेऊन जायचं ती दर रविवारी म्हणायची. एकदा का पोर तिकडे बाळ सांभाळायला गेली की तिची शाळा संपलीच. हे संगीतालाही माहीत होतं. मावशी वाद घालायच्या नाहीत. रडून झालं की संगीता आपणच म्हणायची, राहू द्या, पुढच्या रविवारी बघू.

असं एकेक रविवार करत पायल इथे टिकली होती.

मंगळवारी मी ऑफिसला आले तर दाराला कुलूप. मावशींच्या आधी मी कधीच पोचले नव्हते. पायरीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांच्या शेजारची बाई आली, हातात आमच्या ऑफिसच्या चाव्या घेऊन. पहाटे झोपेतच गेल्या, म्हणाली.

संस्था चालवणाऱ्या आमच्या सरांचं मत पडलं की आयांना एवढ्यात सांगू नये. निम्म्या बायका हंगाम सोडून पोरं न्यायला येतील. सुट्टीवर आहेत म्हणा.

पण पोरांना माहीत होतं. पोरं सांगणारच.

म्हणून काल रविवारी मी प्रत्येक आईला आधी मीच सांगितलं आणि मग फोन पोराकडे दिला. कुणी "अगं बाई" म्हणालं, कुणाचं पदर तोंडात धरल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. संगीता म्हणाली, पायलला द्या. पायलशी नेहमीसारखी बोलली. हसलीसुद्धा.

पायल खेळायला गेल्यावर मी संगीताला परत फोन लावला. मला फक्त "हं" म्हणायचं होतं, आणि तेही जमेल असं वाटत नव्हतं.

पण ती रडली नाही. मी घाबरले. वाटलं, उद्या ही एसटीत बसणार.

मागे बाळ किरकिरत होतं. ती त्याला थोपटत असावी. मग तिने विचारलं,

"मावशी एकल्याच राहात हुत्या ना वो?"

"हो."

"आन् तुमी?"

"मी पण."



"पायलला राहू द्या तितंच, तुमच्यापाशी," ती म्हणाली. "बारक्याचं बघते मी काय तरी. हंगाम उरकला की मंगच येते न्यायला."

मग रेंज गेली, की तिने ठेवला, कळलं नाही.

मावशी, पायल इथेच आहे.

तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.