मेकॅनिकलचे गुण

“आपली उणीव आपणच दाखवायची, नाहीतर नवी यंत्रं येणार कुठून?” असं मुबीना परकार एकदा स्टाफरूममध्ये म्हणाल्या होत्या. पनवेलजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्या मेकॅनिकल शिकवत आणि दरवर्षी सगळ्या विभागांचं मूल्यमापनही करत. मागे सिव्हिलला त्यांनी कमी गुण दिले, तेव्हा संस्थेने सिव्हिलला नवी प्रयोगशाळा दिली होती. म्हणून यंदा त्यांनी स्वतःच्याच विभागाला सर्वांत कमी गुण दिले. वर्कशॉपमधले निम्मे लेथ बंदच होते.

वर्कशॉप सांभाळणारा धनेश घरत तेव्हा हसला होता. “काय मॅडम, घरचंच पोर नापास करता?”

“नापास झाल्याशिवाय संस्था हात सैल करत नाही रे.”

मूल्यमापनानंतर सगळ्या कर्मचाऱ्यांच्या बैठकीत संस्थेच्या सचिवांनी त्यांचं तोंड भरून कौतुक केलं. “इतकं निःपक्ष काम आम्ही पाहिलं नव्हतं. या गुणांवरूनच मेकॅनिकल बंद करतोय. त्या जागा कॉम्प्युटरला देऊ. मॅडम, तुम्हाला तिकडे सामावून घेऊ. वर्कशॉपच्या माणसांचं मात्र काही करता येणार नाही.”

भिंतीलगत उभा असलेला धनेश पुढे आला. “मॅडम, कायतरी बोला ना. तुमचा शब्द ते टाळणार नाय.”

मुबीना मॅडम गुणांसोबतच्या अहवालात आपण काय काय लिहिलं ते आठवत राहिल्या. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. एखादं जरी असतं, तरी आता ते मागे घेता आलं असतं.

त्यांनी खुर्ची मागे सारली आणि धनेशकडे न बघता त्या बाहेर निघून गेल्या.