पुनावळे ते चाकण: एका चुलीची ओढ बघायला

सुंदराचं कार्ड आलं तेव्हा मी अंगणात शेंगा फोडत होते. कार्ड तिने शेजारच्या कुणाकडून लिहून घेतलेलं. वर शिरसाष्टांग, खाली थोरामोठ्यांस नमस्कार, आणि मधे कामाच्या दोनच ओळी. "ताई, तू घातलेली चूल उलटा धूर टाकते. आत्याबाई म्हणतात, पाडव्याच्या आधी फोडायची आणि जुनी मांडायची."

मी शाळेत गेले नाही. धाकट्या दिराच्या पुस्तकांवरून अक्षरं जुळवायला शिकले, म्हणून ते कार्ड चार वेळा वाचलं. चारही वेळा तेच निघालं. आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई.

सुंदरा माझी पाठची बहीण. चाकणच्या पुढे दोन कोसांवर दिलेली. तिचे डोळे लहानपणापासून हळवे. आदल्या वर्षी पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "धुरात बसणं थांबलं नाही तर डाव्याच्या मागोमाग उजवाही जाईल." म्हणून दिवाळीत मी स्वतः जाऊन तिला बिनधुराची चूल घालून दिली होती. आमच्या गावात एक ग्रामसेविकाबाई यायच्या, त्यांच्याकडून मी ती शिकले. पुढे चूल, तिच्या मागे वैल, म्हणजे दुसरं भांडं ठेवायचं लहान तोंड, आणि वैलाच्या मागून भिंतीला धरून वर गेलेलं खापराच्या नळांचं धुराडं. आमच्या आळीत मी अशा सात-आठ घातल्या होत्या आणि थोडी मिरवतही होते. खोटं कशाला बोलू?

हे छप्पन-सत्तावन्न सालचं. तेव्हा बाईमाणसाने एकटीने परगावी जायची पद्धत नव्हती. सोबतीला मामंजी, म्हणजे माझे सासरे, निघाले. धोतर झटकत म्हणाले, "सूनबाई, लोक पोरगी बघायला परगावी जात्यात. चूल बघायला निघालेली तू पहिलीच."

पुनावळ्याहून सकाळी सकाळी निघालो. फाल्गुन असल्यामुळे पवनेला घोट्याएवढंच पाणी होतं. उतारातून चालत पलीकडे आलो. चिंचवडला भोसरीकडे निघालेली एक रिकामी बैलगाडी मिळाली. वाटेत पिंपरीच्या माळावर औषधाच्या नव्या कारखान्याचं धुराडं दिसलं, पार आभाळाला टेकलेलं.

"तसलं घाल की सुंदराला," मामंजी म्हणाले. "धूर थेट पुण्याला जाईल."

"धूर जाईल, पण जाळही जाईल त्याच्याबरोबर," मी म्हटलं. "लाकडं फस्त आणि तवा थंड."

हे हसण्यावारी नेऊ नका. हल्ली चाकणच्या बाजूला फार्महाऊस बांधून हौसेने चूल मांडणारे मला विचारतात, धुराडं जितकं उंच तितकं चांगलं ना, आजी? नाही बाळांनो. ओढ हवी ती बेताची. जाळ तव्याला चाटून मागे वळला पाहिजे, धुराड्यात पळाला नाही पाहिजे.

भोसरीला खेडच्या एसटीची वाट बघत आम्ही एका चहाच्या टपरीत बसलो. टपरीत इतका धूर की कपात चहा आहे की काढा ते कळेना. मालक डोळे पुसत फुंकणी फुंकत होता. मामंजींनी बिडी पेटवली आणि तिचा धूर हळूच चुलीच्या तोंडाशी सोडला.

"काय बघताय बाबा? चूल न्हाई का बघितली कधी?"

"मी बघितली हाय रं. पण ही आमची सून, चुलींची वैद्य हाय. तिच्यासाठी नाडी बघतोय."

बिडीचा धूर चुलीच्या तोंडाशी थबकला आणि वळून मालकाच्याच नाकात शिरला. त्याला ठसका लागला. मी पदराआडून मामंजींना म्हटलं, "त्यांना सांगा, धुराडं छपराच्या आढ्यापेक्षा खाली राहिलंय. वारा छपरावरून घसरतो आणि धूर खाली दाबतो. आढ्याच्या वर हातभर तरी जायला हवं."

"वैद्यीणबाई सांगत्यात ते खरं," मालक म्हणाला, "पण माझं आढं हाय कुठं? समदं ठिगळच." तरी उठून बाहेर गेला आणि मान वर करून बराच वेळ बघत उभा राहिला.

एसटी आली ती धुळीचा लोट घेऊनच. दोघांचं तिकीट मिळून काही आणे पडले, आकडा आता आठवत नाही. मोशी गेली, इंद्रायणीचा पूल गेला, आणि चाकणला उतरलो तर कांद्याचा वास आधी आला, गाव मागून. बाजारात माणसाच्या उंचीचे ढीग. आज त्याच रस्त्याला कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग असते. गेलात तर सकाळची शिफ्ट सुटायच्या वेळी जाऊ नका, एवढं सांगते. आम्हाला कांदा उतरवून परत निघालेली एक गाडी मिळाली आणि दुपार कलताना सुंदराच्या दारात पोचलो.

सुंदराच्या सासूबाईंना मी मावशी म्हणायचे. काटक बाई, आवाज खणखणीत. हातावर गूळ-पाणी ठेवता ठेवताच म्हणाल्या, "आलीस व्हय चुलीची मालकीण? ये. तुझी चूल आमाला रोज खोकून हाक मारतीया."

सुंदरा मागे उभी होती. डोळे लाल, कडा सुजलेल्या. मला बघून हसली, पण माझ्या तोंडाकडे बघताना तिने मान जरा तिरकी केली, चांगल्या डोळ्याने बघायला.

तिन्हीसांजेच्या स्वयंपाकाला मी चुलीपुढे बसले. लाकूड बघितलं, बाभळीचं, खडखडीत वाळलेलं. मागच्या अंगणात जाऊन धुराडं बघितलं, आढ्याच्या वर चांगलं हातभर. काजळी म्हणावी तर सुंदराने आठवड्यापूर्वीच शिंदीच्या फोकाने नळ खरवडले होते. नळांचे सांधे मी ओल्या हाताने चाचपले, कुठे फट नाही. मग उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरली. धूर आत वाकायला हवा. तो क्षणभर तरंगला आणि सरळ माझ्या डोळ्यांत आला.

"बघ," मावशी म्हणाल्या. "तुझ्या हाताला दोष न्हाई पोरी. पर ही चूल आमच्या घराला न्हाई मानवत. पाडव्याला मी जुनी मांडती. तीन दगडांनी आमची हयात गेली."

तीन दगडांवरच सुंदराचा डावा डोळा गेला, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण पाहुणीने किती बोलावं? त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

पहाटे जाग आली ती ओल्या फडक्याच्या चपचप आवाजाने. उठून बघते तर मावशी चुलीपुढे बसलेल्या. शेणमातीचा काला केलेला, त्यात पोतेरं बुडवून चूल सारवत होत्या. आधी बाहेरून, मग ओटा, मग हात कोपरापर्यंत आत. पार मागे, जिथून जाळ धुराड्याकडे वळतो त्या गळ्यापर्यंत. इतक्या निगुतीने, जणू लेकराचं अंग पुसतायत.

"मावशी, रोज तुम्हीच सारवता?"

"मग कोन? सुंदरा वाकली की तिचं डोळं ठणकत्यात. म्हून मीच उठती. दिवाळीपास्नं एक दीस चुकवला न्हाई. तू एवढी लांबनं येऊन घातलेली चूल, तिला पोपडा येऊ दिला न्हाई म्या."

कोडं सुटलं होतं, आणि सुटलं नसतं तर बरं असं वाटायला लागलं. रोजचा एक हात म्हणजे कागदाएवढा थर. तसे चार महिन्यांचे थर त्या गळ्यात बसले होते. आम्हा बायकांना आईने पहिली शिकवण दिलेली असते, चूल सारवल्याशिवाय पेटवायची नाही. तीन दगडांच्या चुलीला त्याने काही होत नाही, तिला गळाच नसतो. या चुलीला होता, आणि चूल घालताना हे सांगायला मीच विसरले होते.

मामंजी पडवीत बिडी ओढत होते. त्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं.

"विहिणीच्या घरात विहिणीचाच दोष काढायचा," ते म्हणाले, "आन मग तिच्याच हातचं जेवायला बसायचं. अवघड हाय. तू तर पोरीकडची. उद्या आपुन जाणार, पोरगी हितंच ऱ्हाणार." बिडी विझवली. "पर न्हाई सांगितलंस तर डोळा जाईल तिचा. बघ बाई, मला काय सुचत न्हाई."

मी आत गेले. मावशी चूल पेटवायच्या बेतात होत्या. सुंदरा पदराचा बोळा डोळ्यांशी धरून तयारच बसली होती. तो बोळा बघितला आणि तोंडातून आपोआप निघालं, "मावशी, थांबा जरा. तुमचा हात माझ्यापेक्षा बारीक आहे. मूठ करून मागच्या गळ्यात घालून बघता? दिवाळीला माझी सबंध मूठ जात होती."

त्यांनी बांगड्या मागे सारल्या, हात आत घातला. हात अडला. पुन्हा घातला. मग मूठ सोडून बोटं घातली. तीन गेली.

मावशींनी हात बाहेर काढला आणि त्याच्यावरची ओली शेणमाती बघत राहिल्या.

"म्हंजी... मीच गं?"

"माझं चुकलं मावशी. आतून सारवायचं नाही, हे मीच सांगायला हवं होतं."

"आत्याबाई," सुंदरा हळूच म्हणाली, "तुमी माझ्यापायीच उठत हुता."

"तू गप," मावशी खेकसल्या. "बसलीस काय? खुरपं आण."

खुरपं त्यांनी मला लावू दिलं नाही. स्वतः आडव्या होऊन, गाल जमिनीला टेकवून खरवडत राहिल्या. एकाखाली एक पापुद्रे निघाले, कांदा सोलावा तसे. घमेलं निम्मं भरलं. दर थोड्या वेळाने मूठ घालून बघायच्या आणि पुन्हा खरवडायच्या. शेवटी मूठ मनगटापर्यंत गेली तेव्हा उठल्या.

मग मी धुराड्याच्या बुडाशी गवताची एक पेंडी पेटवून धरली. थंड धुराड्यात वर जायची ताकद नसते, त्याला आधी ऊब द्यावी लागते. लक्षात ठेवा, पावसाळ्यात तर फारच. नंतर उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरली. धूर जरा रेंगाळला, वाकला, आणि कुणी आतून दोरी ओढावी तसा सरळ आत गेला. लाकडं लावली. धुराड्यातून बारीक घुर्र आवाज यायला लागला. चांगल्या ओढीचा आवाज हाच. तो ऐकला की बाकी तपासण्या नाही केल्या तरी चालतात.

मावशी पदर डोळ्यांशी नेऊन तशाच बसल्या होत्या, धुराची वाट बघत. धूर आला नाही. पहिली भाकरी तव्यावर पडली, फुगली. त्यांनी पदर खाली केला.

"अगं," म्हणाल्या, "भाकरीचा वास येतोय की! इतकं दीस नुसता धुराचाच येत हुता."

दुसऱ्या दिवशी वेशीपर्यंत सोडायला आल्या. मामंजींच्या खांद्यावर कांद्याचं गाठोडं दिलं. मी विचारलं, "मावशी, आमच्या आळीतल्या बायकांना हे सांगू का? तुमचं नाव नाही घेणार."

"सांग की. त्यात कसली लाज? माझ्यावानी पहाटं उठणाऱ्या लय असत्याल."

त्यांनी अशी मुभा दिली म्हणून आज तुम्हालाही सांगते. चूल बाहेरून हवी तितकी सारवा. आतून फक्त भेग पडली तर बुजवा, आणि महिन्याने एकदा गळ्यात मूठ घालून बघा.

पुनावळ्याला पोचल्यावर हातपाय धुवायच्या आधी मी माझ्या स्वतःच्या चुलीपाशी गेले. मूठ गेली, पण दोन्ही बाजूंनी घासत. त्यानंतर आळीतल्या एकेका घरी गेले, आणि जिथे जिथे मिरवले होते तिथे तिथे खाली बसून खरवडून दिलं. चूल मातीची असते, घालून झाली म्हणजे काम संपलं असं होत नाही. त्या वाटेवरून मी आणलं ते एवढंच, आणि कांदे. कांदे वैशाखापर्यंत पुरले.

सुंदराचा डावा डोळा धूसरच राहिला. गेलेलं परत आलं नाही, पण उजव्याची लाली गेली. श्रावणात ती चार दिवस माझ्याकडे आली होती. ओट्यावर आम्ही दोघी समोरासमोर बसलो, सूप तिच्या मांडीवर. बोलता बोलता तिने मान वाकडी न करता बोट घातलं आणि तांदळाएवढाच पांढरा एक खडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"ताई, हा राहिला बघ."

त्या सुपातले तांदूळ मी सकाळी दोनदा निवडले होते.