भिंतीपलीकडचा हात

सन दोन हजार पंचवीस. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते, कापसाची वेचणी चालू होती, आणि मी डेअरीत दूध घालून रिकामी बरणी सायकलीला अडकवत होतो. माप घेणारा आतूनच म्हणाला, "आप्पा, धुडकूबाबा गया." मी म्हणालो, बरं. एवढंच म्हणालो. बरणी नीट अडकवली, कडी दोनदा ओढून पाहिली आणि सायकल हातात धरून चालत घरी आलो. तिच्यावर बसायचं राहूनच गेलं. ज्या माणसाशी अकरा महिने बोललो नव्हतो, तो आता कायमचाच बोलणार नव्हता. त्याला माझ्याकडून एक उत्तर येणं होतं आणि मला त्याच्याकडून. दोन्ही राहिली.

धुडकू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तरी तो मला 'भिलाभाऊ, तुम्ही' म्हणायचा आणि मी त्याला 'धुडकू, तू'. आमच्या तापीकाठच्या गावात हे असंच चालत आलं, मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही. त्यांच्या घरात डफ पिढ्यांचा, आमच्या घरात शेती. शाळेत तो दुसरीत सुटला, मी चौथीत. पण मैत्री सुटली नाही. एका वर्षी नदीला अचानक पाणी चढलं आणि माझी पाण्याची मोटर बुडायला आली, तेव्हा काठावर दहा माणसं उभी होती. त्यातला एकटा धुडकू कमरेला दोर बांधून उतरला आणि बोल्ट खोलून मोटर वर घेऊन आला. वर आल्यावर दात वाजत होते, तरी मला म्हणतो, भिलाभाऊ, आता हिला घरी नेऊन भाकर खाऊ घाला. असा माणूस. माझ्या आईच्या काळात आमच्या ओट्यावर त्याचा कप वेगळा होता, भिंतीच्या कोनाड्यात पालथा घातलेला. आई गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो कप त्याच्यासमोर दगडावर आपटून फोडला आणि त्याला आमच्या कपात चहा दिला. ही गोष्ट मी पुढं कितीतरी जणांना सांगितली. त्यानं मात्र कधी कोणाला सांगितल्याचं ऐकलं नाही.

गावात हायस्कूल झालं तेव्हा पोरींचं लेझीम पथक उभं केलं ते धुडकूनं. कागदावर नाव मास्तरांचं असायचं, पण पथक चालायचं धुडकूच्या डफावर आणि धुडकूच्या नियमावर. शाळेचा खो-खोचा संघ जिथं जाईल तिथं पथक जाणार, सामना चालू असेपर्यंत कडेला लेझीम खेळत राहणार, आपल्या पोरींच्या अंगात जोर आणणार. आमच्या खो-खोच्या पोरी म्हणायच्या, डफ ऐकू आला की पाय आपोआप पळतात. परगावचे मास्तर तक्रार करायचे की तुमच्या गोंगाटात आमच्या पोरींना शिट्टी ऐकू येत नाही. धुडकूला ही तक्रार फार आवडायची.

मागच्या वर्षी माझी नात जागृती, आमची जागू, नववीत गेली आणि पथकात नाव द्यायचं म्हणाली. नाव देणं सोपं नव्हतं. पोळ्यानंतर शाळेनं पालकांना बोलावलं. मास्तरांनी नमस्कार-चमत्कार केले आणि खाली बसले, मग धुडकू उठला. पोरगी पथकात आली की सव्वीस जानेवारीपर्यंत ती पथकाची, म्हणाला. रोज उजाडायच्या आत मैदानावर. मामाचं लग्न असो की मावशीचं बारसं, सुट्टी नाही. ताप आला तरी येऊन बसायचं, नुसतं बघायचं, पण यायचं. कापसाच्या दिवसांत पोरीला वेचणीला ओढायचं नाही. इथं पालकांत चुळबुळ झाली, कारण वेचणीला माणूस मिळत नाही हे त्यालाही माहीत होतं. पण तो थांबला नाही. पालकांनी पोरीला फाटकापर्यंत आणून सोडायचं आणि तिथंच थांबायचं, मैदानात यायचं नाही, पोरी लाजतात आणि हात आखडतो. आणि शेवटचा नियम मोठ्यानं सांगितला... आपला संघ जिंको की हरो, शेवटची शिट्टी होईपर्यंत पथक थांबणार नाही. ज्या घराला हे जमणार नाही, त्यानं आत्ताच पोरगी घरी न्यावी. मी पहिल्या ओळीतून उठलो, मास्तरांच्या फॉर्मवर माझी सही केली, जी करायला मला वेळ लागतो, आणि सगळ्यांसमोर म्हणालो की या घराचा शब्द मी देतो. धुडकू हसला. तेव्हा मला ते हसू मित्राचं वाटलं.

लेझीम मी तिला माझ्या हातानं करून दिली. बांधावरच्या सागाचा दांडा तासला, साखळी आणि चकत्या शहाद्याहून आणल्या. आणि मग पोळ्यापासून थंडीपर्यंत एक दिवस चुकला नाही. मी पहाटे जागूला घेऊन निघायचो, खांद्यावर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांची मोळी. फाटकाबाहेर भिंतीला लागून जाळ करायचो. डफाचं चामडं थंडीत सैल पडतं, आवाज भद्द येतो, म्हणून ते जाळावर धरून तापवावं लागतं. धुडकू डफ घेऊन बाहेर यायचा, माझ्यासमोर उकिडवा बसायचा, डफ जाळावर फिरवत राहायचा, मग गुडघ्यावर टेकवून बोटानं टिचकी मारून कान लावायचा. आम्ही एक-एक बिडी ओढायचो. मग तो डफ घेऊन आत जायचा आणि मी भिंतीला पाठ लावून बसायचो. थोड्या वेळानं आतून डफ सुरू व्हायचा. सुरुवातीला मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पण दिवाळीच्या सुमारास तो हात असा काही मोकळा झाला की मी बिडी विझली तरी पुन्हा पेटवायची विसरायचो. बारीक काडीची थरथर आणि तिच्यावर जाड टिपरूचा ठोका, मधेच एक ठोका मुद्दाम सोडून द्यायचा, आणि मग लेझमीचा खळाळ त्या रिकाम्या जागेत येऊन पडायचा. पन्नास वर्षं मी धुडकूचा डफ ऐकला, पण हे वेगळं होतं. मी त्याला दुसऱ्या दिवशी कौतुकानं म्हटलंसुद्धा, "धुडकू, या वयात तुन्हा हात भलता लागी ऱ्हायना." त्यानं मान खाली घातली आणि डफ उलटा करून तापवत बसला. असं मी एकदा नाही, आठवड्यातून दोनदा म्हणत होतो. जागूची लेझीम घरी खुंटीवर असायची तेव्हा तिच्या चकत्यांवर दुकानातलं तेल तसंच चमकायचं. मी सुनेला म्हणायचो, बघ, पोरगी किती जपते. सून 'हो आप्पा' म्हणायची आणि आत जायची.

डिसेंबरात शहाद्याला तालुक्याचे सामने होते. माझे गुडघे दुखतात, मी जाणार नव्हतो. पण माझ्या मुलीचे सासरे तिथंच राहतात, त्यांनी आग्रह केला, नातीला खेळताना तरी पाहा म्हणाले. आम्ही दोघं कडेला खुर्च्यांवर बसलो. संघ मैदानात उतरला, पथक ओळीत आलं. मी लेझीमवाल्या तीस पोरींत जागूला शोधत होतो. व्याह्यांना ती आधी दिसली. ते माझ्याकडं वळून, गालातल्या गालात हसत म्हणाले, "आप्पा, तुम्हना घर डफ कव्हयपाइन ऊना?" आमच्या घरात डफ कधीपासून आला, हे ते मला विचारत होते.

ती ओळीच्या पुढं होती. धुडकूचा डफ तिच्या गळ्यात होता. धुडकू तिच्या मागं दोन्ही हात सोडून उभा होता. आणि डफ वाजत होता... तोच सोडून दिलेला ठोका, तीच रिकामी जागा. तीन महिने मी भिंतीला पाठ लावून जो हात ऐकला तो हा होता. ज्याचं कौतुक मी त्याच्या तोंडावर करत होतो, तो त्याचा नव्हताच.

मी उठलो. चुन्याची रेघ ओलांडून मैदानात गेलो. सामना चालू होता, आमच्या पोरी पळत होत्या. मी जागूच्या गळ्यातला पट्टा धरला. ती रडली नाही. हळू आवाजात एवढंच म्हणाली, "आप्पा, शिट्टी व्हवू द्या." मी होऊ दिली नाही. पट्टा काढला. डफ थांबला, मग एकेक करत लेझीम थांबल्या, आणि धावणाऱ्या पोरी वळून बघायला लागल्या. या पथकाचा डफ शिट्टीच्या आधी कधी थांबला नव्हता. त्या दिवशी माझ्या हातानं थांबला. सगळ्यांसमोर दिलेला शब्द मी सगळ्यांसमोर मोडला, हे इथं लिहिलं पाहिजे, नाहीतर धुडकूचंच लिहून माझं झाकल्यासारखं होईल.

धुडकू पुढं आला. म्हणाला, "चार महिनापाइन मन्हा हात ऊठस नही, भिलाभाऊ. हाई पोरना हात शे. मी नही दिन्हा, तिन्हाच शे." मी विचारलं, मला का सांगितलं नाही. तो म्हणाला, "सांगतू तं तुम्ही पोरले येऊ देतात का?" मग त्यानं माझ्याकडं सरळ पाहिलं, जसं तो कधी पाहत नसे. "कप तुम्ही फोडा व्हता. मंग डफनं काय?"

त्यानंतर आम्ही बोललो नाही. घरी आल्यावर कळलं की सुनेला माहीत होतं, मुलाला माहीत होतं, मास्तरांना, तीसच्या तीस पोरींना आणि त्यांच्या घरच्यांना माहीत होतं. पालकांनी मैदानात यायचं नाही हा नियम जुनाच होता, पण त्याच्या आडोशाला मला बसवलं गेलं. सगळं गाव भिंतीच्या आत होतं आणि मी एकटा बाहेर पऱ्हाट्या जाळत होतो. मला लोक सांगतात, आप्पा, वाईट काय झालं, पोरगी नाव काढतेय. ते मला समजत नाही असं नाही. मी तिला डफ धरू दिला नसता, हे धुडकूचं खरंच आहे. पण विचारायला पाहिजे होतं. मी नाही म्हटलं असतं, तो भांडला असता, वर्षभर भांडलो असतो. आमच्या मैत्रीत तेवढी जागा होती. त्यानं ती धरलीच नाही. आणि त्याचा उजवा हात गेला हेही त्यानं मला सांगितलं नाही, तो रोज माझ्यासमोर बसून डाव्याच हातानं डफ फिरवत होता... आणि मलाही ते दिसलं नाही.

जागूला मी पथकातून काढलं. सव्वीस जानेवारीला पोरी मोबाईलमधला ढोल लाऊडस्पीकरवर लावून नाचल्या. यंदाही तेच चालू होतं. पहाटे ओट्यावर तो आवाज यायचा, रोज सारखा, एकही ठोका कधी न सोडणारा. मी पऱ्हाट्या नेणं बंद केलं होतं. जागू दहावीत गेली, माझ्यासमोर चहा ठेवायची, अभ्यास करायची, बोटांनी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर काहीतरी वाजवत राहायची. मी पाहिलं की थांबायची.

तो गेला त्या दिवशी दुपारी त्याची दोन्ही मुलं सुरतेहून आली. त्यांना डफ येत नाही, ते साड्यांच्या कारखान्यात आहेत. माझी आई, माझा बाप आणि माझी बायको, आमच्या घरातली ही तिन्ही माणसं धुडकूच्या डफामागून गेली. गावातलं कोणतं घर तसं नाही? पण त्याच्या पुढं वाजवायला कोणी नव्हतं. जागू माझ्याकडं आली. खूप दिवसांनी माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बोलली, "आप्पा, मी वाजाडू?"

मी म्हटलं, "नही."

त्याला नेलं तेव्हा मी वळणावरच्या निंबाखाली उभा होतो. नुसता पायांचा आवाज येत होता. एवढी माणसं आणि नुसते पाय. नदीकडच्या उतारापर्यंत मला तो ऐकू आला, नंतर तोही बंद झाला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी पऱ्हाट्यांची मोळी खांद्यावर घेतली, जागूला उठवलं आणि शाळेकडं जायला सांगितलं. मी धुडकूच्या घरी गेलो. त्याची बायको दारात बसली होती. मी म्हटलं, वहिनी, डफ पाहिजे. तिनं विचारलं कोणाला, मी सांगितलं जागूला. ती आणायला उठली, तर मी तिला बसवलं आणि स्वतः आत गेलो. दार बुटकं आहे, वाकावं लागलं. इतक्या वर्षांत त्या घरात पाऊल टाकायची ती माझी पहिली वेळ. डफ चुलीजवळच्या खुंटीवर होता. बाहेर आलो तेव्हा ती म्हणाली, "थंडी शे, चामडं ढीलं पडी जायेल व्हई. तापाडी ल्या." मी डफ गळ्यात घातला आणि गावाच्या मधल्या गल्लीतून नेला. लोक दात घासत उभे होते. फाटकाबाहेर जाळ केला. डफ जाळावर फिरवला, टिचकी मारली, कान लावला, जसं त्याला करताना पाहिलं होतं तसं. बरा ताण आला असं वाटलं तेव्हा जागूच्या हातात दिला. ती आत गेली. मी गेलो नाही, पालकांनी मैदानात जायचं नसतं. भिंतीला पाठ लावून बसलो आणि बिडी पेटवली.